मुगाची हजेरी

लग्न होऊन मी डिंगोऱ्यात आले ती १९८४ च्या वैशाखात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रात्री सलग पाऊस झाला, तिसऱ्या सकाळी उघडलं. मी शाळेला निघायच्या गडबडीत होते आणि सासूबाईंनी माझ्या ओंजळीत मूठभर मूग ओतले. आम्ही सुना त्यांना आत्या म्हणायचो. मी म्हटलं, "आत्या, परवा रविवार आहे, निवांत लावू." त्या पदर खोचून परसाच्या दाराकडे निघाल्यासुद्धा होत्या. "आगं, मूग रविवार बघत नाय. त्याला आजची ओल पायजे."

त्या दिवशी नखांत चिखल घेऊन मी शाळेत पोचले. पुढं तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुलांची हजेरी घेतली आणि घरी परसात माझी हजेरी मुगानं घेतली. मूग फार काही मागत नाही. खत बेताचं, पाणी बेताचं, आणि पासष्ट-सत्तर दिवसांत जागा मोकळी करून देतो. पण त्या दिवसांतले पाच-सहा दिवस असे असतात की माणूस जागेवर लागतो. ते चुकले की मागाहून कितीही राबा, भरून निघत नाही. आत्यांनी मला जे जे सांगितलं ते सगळं या एकाच गोष्टीला धरून होतं. आता माझी सून पुण्याहून येऊन-जाऊन परस सांभाळायचं म्हणते आणि मी विचारायचे तेच प्रश्न विचारते, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते आहे.

आमचं गाव कल्याण-नगर रस्त्यावर. एका अंगाला माळशेज घाट, दुसऱ्या अंगाला ओतूर. पश्चिमेला गेलात की भाताची खाचरं, पूर्वेला उतरलात की कांदा, टोमॅटो आणि ऊस. आत्या सांगायच्या की त्यांच्या तरुणपणी मूग परसात नव्हता, शिवारात होता. बाजरीत मूग-मटकीचे पाटे असायचे आणि घरचं कडधान्य वर्षभर पुरायचं. मग कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि आंबेगावात डिंभे. पाणी आलं तसं रोकड देणारं पीक आलं. ते चांगलंच झालं, त्या कांद्यानंच पोरं शिकली. पण मूग बांधावर गेला आणि बांधावरून परसात. आज राज्यातला बहुतेक मूग मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून येतो आणि आम्ही जुन्नरकर तो दुकानातून किलोनं आणतो. म्हणून तरी अर्धा गुंठा घरचा असावा असं मला वाटतं.

आता बियाण्यापासून सांगते, कारण निम्मी चूक तिथंच होते.

अर्ध्या गुंठ्याला साठ-सत्तर ग्रॅम बी पुरतं, म्हणजे दीड-दोन मुठी. इतकंसं तर लागतं म्हणून लोक डब्यातले उसळीचे मूग टाकतात. ते उगवतात, नाही असं नाही. पण ते कुठल्या वाणाचे, किती जुने, चार गावचे एकत्र आहेत का, हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि केवडा रोग पहिला त्यांच्यावर बसतो. त्यापेक्षा एकदाच चांगलं बी आणावं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'वैभव' आमच्याकडं वर्षानुवर्षं चालला. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचा 'बीएम २००२-१' टपोऱ्या दाण्याचा आहे, तोही लावून पाहिला. कुठलं मिळतं ते नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं. पुढच्या वर्षापासून बी घरचंच धरायचं. मुगाचं फूल उमलायच्या आतच आपल्याच परागानं फळतं, शेजारच्या वाणाशी त्याची सहसा मिसळ होत नाही. त्यामुळं घरचं बी पिढ्यान् पिढ्या तसंच राहतं. कोबी-काकडीचं तसं नसतं.

एका वर्षी घरचं बी भुंगेऱ्यानं खाल्लं आणि घाईत एका दुकानातून पुडी आणली. पुडीवरचं चित्र झकास होतं. उगवून आली शंभरातली चाळीस रोपं. आत्या तेव्हा थकल्या होत्या, अंथरुणावरून म्हणाल्या, "फडक्यात नव्हतं का बांधून बघितलं?" तेव्हापासून मी हे चुकवत नाही. पेरणीच्या आधी आठवडाभर शंभर दाणे मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळायचे, फडकं सुकू द्यायचं नाही, आणि चौथ्या दिवशी मोड मोजायचे. ऐंशीच्या वर आले तर बी निर्धास्त पेरावं, साठ-सत्तर आले तर दाट पेरावं, त्याखाली आले तर उसळ करावी. दोन-चार दाणे दगडासारखे तसेच राहतात, त्यांना आमच्याकडं गणंग म्हणतात. ते मेलेले नसतात, त्यांची साल पाणी आत घेत नाही, एवढंच. त्यांच्यासाठी अडून बसू नये.

पेरणीच्या सकाळी बियाण्याला रायझोबियम चोळायचं. कृषी सेवा केंद्रात पाव किलोची पुडी मिळते, ती दहा किलो बियाण्याला असते. आपल्या मूठभराला पाव चमचा खूप झाला. पुडीवर चवळी गट लिहिलेलं पाहून घ्यावं, मुगाला तोच चालतो. गुळाच्या पाण्याचा हात बियाण्याला लावायचा, वर ती काळी भुकटी, हलक्या हातानं चोळून सावलीत तासभर पसरायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. उन्हात वाळवलं तर त्यातले जिवाणू मरतात. आत्यांना ही पुडी माहीत नव्हती. त्या गेल्या वर्षी मूग होता त्या वाफ्यातली पाटीभर माती आणून नव्या वाफ्यात विसकटायच्या. "मूग मातीला वळखतो," म्हणायच्या. फार वर्षांनी एका कृषी मेळाव्यात हे जिवाणू मातीत टिकून राहतात असं ऐकलं, तेव्हा मला त्या पाटीचा अर्थ कळला. जगानं प्रयोगशाळेत काढलेली गोष्ट या बाईनं डोईवरून वाहिली होती.

आता वाफसा. सून विचारते, वाफसा आला हे ओळखायचं कसं? वीतभर खालची माती मुठीत घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा पडून फुटला, पण भुगा झाला नाही, तर वाफसा आहे. चपटा होऊन चिकटला तर थांबा. गोळाच होत नसेल तर ओल कमी आहे. काळ्या मातीत हा वाफसा पावसानंतर तीन-चार दिवसांनी येतो, आमच्या परसातल्या मुरमाड मातीत दुसऱ्याच दिवशी येतो आणि उघडीप असली की दोन दिवसांत जातो. रविवारची वाट पाहायची नाही ती यासाठी.

महिन्याचं म्हणाल तर मृग ७-८ जूनला लागतो आणि आर्द्रा २१-२२ जूनला. या दोन नक्षत्रांत मूग जमिनीत गेला पाहिजे. पुनर्वसू लागून आठवडा झाला की आत्या मुगाचं नाव काढू द्यायच्या नाहीत, त्या वाफ्यात सरळ दुसरं काहीतरी लावायच्या. उशिराचा मूग श्रावणाच्या शेवटी फुलावर येतो, तेव्हा आभाळ भरलेलं असतं, हवा गार होते आणि पानांवर पीठ शिंपडल्यासारखी भुरी चढते. एक उन्हाळी मूगही असतो, तो फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत लावायचा, दर आठ-दहा दिवसांनी पाणी द्यायचं आणि मेअखेर वळवाच्या आत घरात आणायचा. पण एप्रिलात विहिरीला पाणी असलं तरच त्याच्या वाटेला जावं.

वाफा कसा करायचा ते जागेवर ठरतं. माळशेजकडून येणारा आमचा पाऊस जुलैत दहा-दहा दिवस उघडत नाही. मुगाच्या मुळाशी दोन दिवस पाणी साचलं की तो पिवळा पडून बसतो तो बसतोच. म्हणून आम्ही सपाट जमिनीत लावत नाही. तीन फूट रुंद, सहा इंच उंच असे गादीवाफे, मधे पाणी वाहून जायला चर. तीन फूट एवढ्यासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. पूर्वेकडं, आळेफाट्याच्या खाली पाऊस कमी होत जातो, तिथं सपाट वाफ्यातही छान येतो. दोन ओळींत फूटभर अंतर आणि दोन रोपांत अर्धी वीत. बोटानं भोक पाडायचं ते दोन पेरांपेक्षा खोल नाही. भोकात दोन दाणे, वर माती, हातानं हलकेच दाबायची. शेणखत कुजलेलं आणि थोडंच. युरिया तर नकोच. मुगाला जास्त खाऊ घातलं की पाला कमरेला लागतो आणि शेंगा शोधाव्या लागतात. ऊन दिवसभर पाहिजे, केळीच्या नाहीतर आंब्याच्या सावलीत मूग नुसता लांबतो.

पहिले आठ दिवस होले आणि पारवे बी वेचतात, मग कोंब खुडतात. आत्या जुन्या कॅसेटची फीत वाफ्यावर ताणून बांधायच्या, ती वाऱ्यानं फरफरते. आता कॅसेटी कुठून आणायच्या, मी चकचकीत कागदाच्या पट्ट्या बांधते. गोगलगायी दिसल्या तर संध्याकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. दहाव्या दिवशी जिथं दोन रोपं आली असतील तिथलं एक काढायचं. ते उपटू नये, नखानं खुडावं, नाहीतर शेजारच्याचं मूळ हलतं.

खुरपणी हा हजेरीचा दुसरा दिवस. विसाव्या दिवसाच्या आत पहिली, महिन्याच्या आत दुसरी, की मग मुगाचा पालाच जमीन झाकतो आणि तण डोकं काढत नाही. पण ते पहिले वीस दिवस तणाला दिले तर मूग बुटका राहतो, मागाहून कितीही खुरपलं तरी. पाऊस थांबायची वाट बघता बघता हे दिवस निघून जातात. डोक्यावर घोंगडं नाहीतर इरलं घेऊन, उघडिपीच्या अर्ध्या तासात एक-एक वाफा उरकायचा. पानं ओली असताना मात्र रोपांत शिरू नये, एका रोपाचा रोग हातानं दुसऱ्याला लागतो. फुलं दिसू लागली की खुरपं बंद.

महिन्याच्या सुमारास एक गोष्ट करून पाहाच. वाफ्याच्या कडेचं एक रोप बुडाशी कुदळ घालून मातीसकट उचला आणि बादलीतल्या पाण्यात हळू धुवा. मुळांना मोहरीएवढ्या, कुठं बाजरीएवढ्या गाठी दिसतील. त्यातली एक नखानं फोडा. आत गुलाबी, ताज्या मांसासारखा रंग दिसला की समजायचं, गाठी कामाला लागल्या आहेत, हवेतला नत्र रोपाला मिळतो आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या लालीच्या नात्यातल्याच एका द्रव्याचा असतो. आत पांढरी किंवा हिरवट गाठ निघाली तर ती कामाची नाही. मी चौथीच्या पोरांना दरवर्षी हे दाखवायचे. पुस्तकात कडधान्यानं जमीन सुधारते असं एक वाक्य असतं, ते पोरांना पाठ होतं. पण ती गुलाबी गाठ नखावर घेतलेलं पोर ते वाक्य विसरत नाही.

रोगांपैकी केवड्याला मी सगळ्यांत भिते. कोवळ्या पानावर भडक पिवळे ठिपके येतात, मधे मधे हिरवं राहतं, आणि बघता बघता पान केवड्याच्या पातीसारखं पिवळं होतं. हा विषाणू पांढरी माशी पसरवते, आणि लागल्यावर औषध नाही. पाणी साचून आलेला पिवळेपणा वेगळा, तो खालच्या जून पानांपासून चढतो आणि पान सरसकट फिकं पडतं. तिथं चर मोकळे करावेत. केवड्याचं रोप दिसलं त्याच दिवशी उपटायचं आणि परसाबाहेर पुरायचं, हळहळायचं नाही. मी एकदा दोन रोपांना जीव लावला, तीन आठवड्यांत पाऊण वाफा गेला. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत आणि निंबोळी अर्क फवारावा. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी वस्त्रगाळ करायचं, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं मारायचं, कारण माशी खालीच बसते. मावाही त्यानं हटतो. भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक, दहा लिटरला पंचवीस ग्रॅम. परसातल्या मुगाला याहून कडक औषधाची गरज मला पडली नाही.

पस्तीस दिवसांच्या आसपास फूल येतं आणि फुलापासून साधारण वीस दिवसांत शेंग काळी पडते. इथून पुढं मूग रोज बघायचा. तो एकदम पिकत नाही. एकाच रोपावर खाली काळी शेंग, मधे हिरवी आणि शेंड्याला फूल असतं. मोठ्या शेतकऱ्याला याचा त्रास होतो, मजूर तीनदा लावावा लागतो. म्हणूनच तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रापासून आपल्या विद्यापीठांपर्यंत सगळे एका वेळी पिकणारा मूग करायच्या मागं लागले. परसाला मात्र हा जुना स्वभावच सोयीचा. एका दिवसात सगळं अंगावर येत नाही, आणि एखादा पाऊस नडला तरी सगळं जात नाही.

तोडणी सकाळी, दव असताना. आत्यांच्या मागून वाफ्यात शिरले तो पहिला श्रावण अजून डोळ्यांपुढं आहे. त्या उकिडव्या बसायच्या, डाव्या हातानं देठाजवळ फांदी धरायच्या आणि उजव्या अंगठ्यानं शेंग मागं मोडायच्या. ओढायच्या नाहीत. ओढली तर रोप हलतं, वरची फुलं गळतात आणि दुसरा बहर गेला. दवानं शेंगेची साल नरम असते, ओटीत मुकाट पडते. तेच दहा वाजता गेलं तर हात लागताच शेंग तडकते, दोन्ही टरफलं पिळून उलटी फिरतात आणि दाणे वाफ्यात उडतात. पहिल्या वर्षी शाळेतून आल्यावर मी दुपारी तीनला तोडायला बसले. चटचट आवाज येत होता, मला वाटलं छान वाळल्यात. संध्याकाळी आत्यांनी वाफ्यातली माती दोन बोटांत उचलून माझ्या तळव्यावर ठेवली, तिच्यात अकरा मूग होते. त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

शेंग कुठली तोडायची? पूर्ण काळी झालेली तर तोडायचीच, आणि तपकिरी होऊन काळपट व्हायला लागलेलीही तोडायची. तिच्यात दाणा भरलेला असतो, घरात वाळतो. हिरवट-पिवळी ठेवायची. दर तीन-चार दिवसांनी एक फेरी, अशा तीन-चार फेऱ्या होतात. बियाण्याच्या शेंगा पहिल्या-दुसऱ्या फेरीतल्या, निरोगी रोपांच्या, वेगळ्या फडक्यात. शेवटच्या फेरीचं बी ठेवू नये, ते लहान असतं आणि बहुधा किडीनं टोचलेलं असतं.

दव असताना म्हणजे अंधारात नाही, हे मी आता ठासून सांगते. आत्यांच्या वेळी त्या पहाटे चारला परसात जायच्या. आता शेजारी ऊस आहे आणि जुन्नर तालुक्यात उसातला बिबट्या ही ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. वाकलेला किंवा उकिडवा माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो असं वन खात्याची माणसं सांगतात. मुगाची तोडणी तर सगळी उकिडवीच. तेव्हा चांगलं फटफटल्यावर जा, दोघी जणी जा, मोबाइलवर गाणी लावा, अधूनमधून उभ्या राहा. पोरांना वाफ्याच्या कडेला एकटं बसवू नका. दोन किलो मुगासाठी जीव धोक्यात घालायचा नाही.

आणि पाऊस. मुगाला सगळ्यांत जास्त मारतो तो शेंगा पिकतानाचा पाऊस. काळी शेंग झाडावर दोन-तीन दिवस भिजली की आतले मूग तिथंच मोड काढतात. मग ना बी, ना डाळ. ऑगस्टच्या अखेरीला झड लागली की आम्ही भर पावसात तोडायचो. ओल्या शेंगा घरात आणून गोणपाटावर एकेरी पसरायच्या, ढीग करायचा नाही, ढिगात त्या गरम होतात आणि बुरशी धरतात. पूर्वी चुलीच्या खोलीत पसरायचो, आता पंख्याखाली. रात्रीतून दोनदा उठून हात फिरवायचा. आमच्या अर्ध्या गुंठ्यात चांगल्या साली चार किलो मूग निघतो, आणि झड लागलेल्या साली हे उठणं चुकलं तर दीड.

उघडीप मिळाली की शेंगांना तीन दिवस कडक ऊन दाखवायचं. मग पोत्यात घालून धोपाटण्यानं बडवायच्या, सुपानं पाखडायच्या, फोलपटं गाईला. निघालेल्या मुगाला पुन्हा दोन दिवस ऊन. वाळलाय का हे आत्या दातांनी बघायच्या. दाणा दाढेखाली धरला की कट्ट वाजून दोन तुकडे झाले पाहिजेत. दाताचा ठसा उमटला तर अजून एक ऊन. आणि ऊन दाखवलेला मूग गरम असताना कधीही डब्यात भरू नये. रात्रभर सावलीत निवू द्यावा, नाहीतर डब्याला आतून घाम सुटतो.

भुंगेरा घरात लागतो असं लोक म्हणतात, पण त्याची सुरुवात वाफ्यातच होते. तो शेंगेवर अंडी घालतो आणि अळी दाण्यात शिरून घरी येते. म्हणून कितीही स्वच्छ डबा असला तरी महिन्या-दीड महिन्यानं मुगाला गोल भोकं दिसतात. खायच्या मुगाला किलोमागं चहाचा एक चमचा एरंडेल दोन्ही हातांनी चोळावं. तेलानं अंडी घुसमटतात. उसळीत त्याची चव लागत नाही, आधी धुतलं की झालं. बियाण्याच्या मुगाला आत्या चाळलेली गोवऱ्यांची राख घालायच्या, तळाशी आणि वर बोटभर थर, मधे कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला. पुण्याच्या घरात राख कुठली, तर मी सुनेला सांगितलं, चांगला वाळलेला मूग हवाबंद पिशवीत घालून आठ दिवस फ्रीजरमध्ये ठेव. अंडी, अळी सगळं मरतं, मग बाहेर काढून पिशवी न उघडता तिचा गारठा जाऊ दे आणि काचेच्या बरणीत भर. साठवणीची ही कटकट आजची नाही. घोड नदी आपल्या आंबेगावात उगम पावते. तिच्याच काठी खाली शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजनं खोदकाम केलं तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत कडधान्यांचे करपलेले दाणे आणि धान्य साठवायच्या बळदी निघाल्या. त्या घरातल्या बायकाही याच भुंगेऱ्याशी झुंजल्या असतील असं मला राख चाळताना दरवर्षी वाटतं.

पुण्याच्या गच्चीवर मूग होतो का, तर होतो. बारा इंची पिशवीत तीन रोपं, पिशवीच्या तळाला पाणी निघायला भोकं, आणि दिवसभराचं ऊन. वीस पिशव्यांतून दोन-तीन वेळच्या उसळीपुरता मिळेल. पण एकदा बी धरून हात बसला की पुढं जागा मिळेल तेव्हा कामाला येतं.

खाण्याचं फार सांगत नाही, प्रत्येक घराचं वेगळं असतं. आमच्याकडं पहिल्या फेरीच्या मुगाचं कढण होतं, आले-जिऱ्याचं, घरातल्या आजाऱ्याला किंवा म्हाताऱ्या माणसाला आधी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. आमचा वाफा कुदळीनं खणलेला, म्हणून दुसऱ्या बहराच्या कोवळ्या शेंगा ऋषीच्या भाजीत जातात. डाळ करायची तर मुगाला पाण्याचा हात लावून रात्रभर झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वाळवून जात्यावर भरडायचं. पाखडून उरलेली चुणी गाईची.

भाद्रपदी बैलपोळ्याच्या आत आमचा वाफा रिकामा होतो. इथं एक हजेरी राहते, आणि नेमकी तिलाच सगळे दांडी मारतात. शेंगा संपल्या की लोक रोपं उपटून बांधावर फेकतात. उपटायची नाहीत. विळ्यानं जमिनीलगत कापायची, वरचा पाला गाईला किंवा खताच्या खड्ड्यात, आणि मुळं आहेत तिथंच ठेवायची. गाठींतला नत्र मुळांबरोबर कुजून मातीत उतरतो. शेतकरी मुगाचा बेवड चांगला म्हणतात तो यामुळं. त्या वाफ्यात पुढच्या वर्षी पुन्हा मूग घ्यायचा नाही, जागा बदलायची. पण लगेच, माती ओली असतानाच खुरप्यानं वरवर हलवायचं, चार दिवस ऊन खाऊ द्यायचं आणि मेथी फोकायची. सातव्या दिवशी ती दोन पानांवर येते, आणि शेजारच्या साध्या वाफ्यातल्या मेथीपेक्षा काळीभोर दिसते. गेल्या पोळ्याला सुनेनं हे स्वतः केलं, आणि पहिली जुडी घेऊन ती ओल्या हातांनीच माझ्या खोलीत आली.